पंखा थांबल्यानंतर

कोट घ्या अंगावर. महिना जुलैचा असला तरी समुद्राकडून येणारा हा पहाटवारा कानशिलांना झोंबतो. तुम्ही फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅलेजवळच्या सांगात गावाबाहेर उभे आहात. तारीख १९ जुलै १९०९, सोमवार. मागे ज्या ओसाड इमारती दिसतात त्या बोगद्याच्या आहेत. समुद्राखालून थेट इंग्लंड गाठायचा घाट इथे एकदा घातला होता आणि तो अर्ध्यावरच सुटला. त्याच सोडून दिलेल्या आवारात आता एक विमान मुक्कामाला आहे. पलीकडे डोव्हर. मध्ये फक्त पाणी. आजवर कुणीही हे पाणी विमानाने ओलांडलेलं नाही, आणि जो ओलांडेल त्याच्यासाठी लंडनच्या डेली मेल वर्तमानपत्राने १००० पौंडांचं बक्षीस लावलं आहे.

विमानाकडे नीट बघा. आधी होडीच आठवेल. लाकडाची लांब, निमुळती, चकचकीत रोगण दिलेली होडी आणि तिच्यावर आडवे ताणून बसवलेले कापडी पंख. हे करणारा लेऑन लवाव्हासर मुळात शर्यतीच्या मोटरबोटींची इंजिनं बनवायचा. त्याच्या भागीदाराच्या मुलीचं नाव आंत्वानेत. इंजिनाला तिचंच नाव मिळालं आणि पुढे विमानालाही. नाकात आठ सिलिंडरांचं, ५० अश्वशक्तीचं इंजिन. ते एकच. ते थांबलं तर दुसरं नाही.

वैमानिक ह्युबर्ट लॅथम. वय २६, अंगाने सडपातळ, डोक्यावर चौकड्यांची टोपी. विमान चालवायला शिकून त्याला मोजके महिने झालेत. तरी गेल्याच महिन्यात तो तासाहून अधिक वेळ हवेत राहिला होता. तुम्ही त्याच्या मागे अंग चोरून बसा. तुमचं वजन या विमानाला जाणवणार नाही, तुम्ही शंभरेक वर्षांनंतरचे आहात.

पावणेसातच्या सुमारास चाकं गवतावरून सुटतात. कड्याची कडा खालून सरकते, आणि एकदम पोटात खड्डा पडतो, कारण इतका वेळ हातभर खाली असलेली जमीन आता तीनशे मीटर खाली समुद्र होऊन पसरलेली असते. इथे मला थांबून एक गोष्ट सांगायची आहे. त्या काळातले बहुतेक उडणारे झाडांच्या शेंड्यांएवढ्या उंचीवर समाधान मानत. जमिनीजवळ राहिलं म्हणजे पडलं तरी कमी लागेल, असा त्यांचा हिशेब. लॅथमला उंची आवडायची. लोक त्याला बेदरकार म्हणत. मला त्याचा हिशेब जास्त पक्का वाटतो. उंची म्हणजे वैमानिकाच्या गाठीला बांधलेले पैसे. इंजिन कमावतं आहे तोवर त्यांची आठवण होत नाही. कमाई बंद झाली की तेवढ्यावरच घर चालवायचं असतं.

खाली पुढे आर्पाँ नावाची फ्रेंच नौदलाची बोट धूर सोडत चालली आहे. तुम्ही तिला मागे टाकता. इंग्लंड अजून नुसता एक पांढुरका पट्टा आहे.

आणि मग इंजिनाच्या सुरात खोट येते.

आधी एखादा ठोका चुकतो. तुम्हाला वाटतं, वाऱ्याचा भास असेल. मग दोन चुकतात. पाठीला जाणवणारी ओढ सैल पडते. तबलजीचा हात अडखळला की बैठकीतला प्रत्येक जण जसा मान वर करतो, तशी लॅथमची मान वर होते. त्याचा हात इंजिनाकडे जातो. ठिणगीच्या तारा जागेवर आहेत ना, ठिणगीची वेळ मागेपुढे करून पाहू, इंधन कमीजास्त करून पाहू. तो एकेक करून बघतो आहे. त्याला चिडल्यासारखं झालं आहे. पण घाबरल्यासारखं काही नाही. इंजिन ऐकत नाही. पंखा थबकतो.

आता आवाज ऐका. इंजिन बंद पडल्यावर शांतता होईल असं तुम्हाला वाटलं होतं. तसं होत नाही. इतका वेळ इंजिनाच्या गडगडाटाखाली दबलेला वारा आता तारांतून शीळ घालायला लागतो. विमान अजून उडतंच आहे.

तुमच्या दोन्ही हातांना या क्षणी काय करावंसं वाटतं ते मला माहीत आहे. नाक वर ओढावंसं वाटतं. खाली पाणी आहे, खाली जायचं नाही, तर मग वर ओढा. प्रत्येक माणसाच्या अंगातून हीच ओढ उठते, आणि आजवर याच ओढीने खूप माणसं मारली आहेत. पंख विमानाला उचलतो तो त्याच्यावरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. इंजिन गेलं तरी विमानाला वेग आहे तोवर पंखाला हवा मिळते आहे. नाक वर ओढलं की वेग मरतो, हवा पंखाच्या पाठीला धरून राहत नाही, सुटते, आणि मग विमान खरोखरच दगडासारखं पडतं. याला वैमानिक स्टॉल म्हणतात. मोटारीचं इंजिन बंद पडण्यालाही हाच शब्द असल्याने वर्तमानपत्रांत नेहमी गोंधळ होतो. स्टॉल पंखाचा होतो. इंजिन धडधडत असतानाही होऊ शकतो.

लॅथम नाक खाली सोडतो. तुम्ही कधी सायकलवरून घाट उतरला असाल तर हे तुमच्या पायांना ठाऊक आहे. चढ संपला, पायडल थांबवलं, तरी सायकल पळते. ओढणारं आता तुमचं स्वतःचं वजन असतं. तसंच इथे. उंची थोडी थोडी द्यायची आणि तिच्या बदल्यात वेग विकत घ्यायचा. फार दिली तर लवकर संपते, कमी दिली तर पंख मरतो. मधली एक घसरण असते, तीच धरून ठेवायची.

पाणी जवळ येतं. वरून इस्त्री केल्यासारखा दिसणारा समुद्र आता लाटालाटांनी वेगळा होतो. अगदी शेवटी, पाण्यापासून हातभर अंतर उरल्यावर, लॅथम नाक सपाट करतो. इतका वेळ राखून ठेवलेला वेग आता खर्च करायचा, इथेच, एका फटक्यात. विमान पाण्याला पोटावर टेकतं. फारसे तुषारसुद्धा उडत नाहीत. पोकळ लाकडी अंग आणि हवा भरलेले पंख, त्यामुळे ते बुडत नाही, तरंगतं.

लॅथम पाय उचलून एका आडव्या दांडीवर ठेवतो, बूट भिजू नयेत म्हणून. खिशातून सिगारेटची डबी काढतो, एक पेटवतो आणि बोटीची वाट बघत बसतो. समुद्रावर विमान उतरवून त्यातून धड बाहेर येणारा हा पहिला माणूस. विमानाचं खरं नुकसान पुढे झालं, ते बोटीवर ओढून घेताना.

सहाच दिवसांनी, रविवारी २५ जुलैला, लुई ब्लेरियो आपलं २५ अश्वशक्तीचं छोटं विमान घेऊन पहाटे उठला आणि छत्तीस-सदतीस मिनिटांत डोव्हरला पोचला. लॅथम तेव्हा झोपलेला होता. २७ तारखेला तो पुन्हा निघाला. डोव्हरचे कडे समोर, किनारा मैलभरावर, आणि इंजिनाने पुन्हा दगा दिला. या वेळी पाण्याने त्याला आधीसारखं अलगद घेतलं नाही. चष्म्याची काच कपाळात घुसली. इतिहासात नाव ब्लेरियोचं झालं आणि ते योग्यच आहे. पण एका इंजिनाच्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असं शिक्षण लॅथमच्या पहिल्या अपयशात आहे, असं मला मनापासून वाटतं.

त्याच १९०९च्या सप्टेंबरात न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ गावी एक मुलगी जन्मली. जीन बॅटन. तिला भेटायला चोवीस वर्षं पुढे या, आणि थेट कराचीला. १९३३चा एप्रिल. सिंध अजून मुंबई इलाख्यात आहे आणि शहरात मराठी घरंही बरीच आहेत. शहराबाहेर, आकाशात, एक जिप्सी मॉथ येते आहे. दोन मजली पंखांचं, लाकूड-कापडाचं विमान. ही मुलगी इंग्लंडहून एकटी ऑस्ट्रेलियाला निघाली आहे. बलुचिस्तानात चिखलात उतरताना पंखा मोडला, तो तिने कराचीहून दुसरा नेऊन बसवला. आता जरा हुश्श म्हणावं, तर इंजिनाच्या पोटातला एक कनेक्टिंग रॉड तुटतो. लोखंड लोखंडावर आदळल्याचा आवाज येतो आणि सगळं संपतं. इथे ठिणगी तपासण्यात अर्थ नसतो. काही इंजिनं रुसलेली असतात, काही मेलेली. कुठलं कुठलं आहे ते ओळखण्यात फार वेळ घालवायचा नसतो. ती नाक खाली करते आणि उतरते. विमान उलटतं. ती स्वतः चालत बाहेर येते.

वर्षभराने ती पुन्हा निघते. आता तिच्या शेजारी नको, तिच्याच डोळ्यांच्या मागे बसा.

एप्रिल १९३४, मध्यरात्रीचा सुमार. तुम्ही मार्सेयहून निघून समुद्रावरून रोमकडे येत आहात. पाऊस आहे, समोरून जोरदार वारा आहे. जिप्सी मॉथला छप्पर नाही. काचेच्या छोट्या आडोशावरून पाणी थेट चेहऱ्यावर येतं. मार्सेयला विमानतळावरच्या लोकांनी जाऊ नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलं नाही. मी स्पष्टच म्हणतो, तो निर्णय चूक होता. इंजिन कधी तुटतं, कधी गोठतं, त्यात वैमानिकाचा दोष असेलच असं नाही. पण पेट्रोल संपणं हे जमिनीवर असतानाच ठरलेलं असतं. समोरचा वारा तुमचा जमिनीवरचा वेग खातो, इंजिन मात्र तासाला तेवढंच पेट्रोल पितं. घड्याळाच्या हिशेबाने तुम्ही पोचायला हवं होतं, नकाशाच्या हिशेबाने अजून पाण्यावरच असता. हा हिशेब मार्सेयलाच करता आला असता.

शेवटी रोमचे दिवे दिसतात. तो आनंद क्षणभरच टिकतो. वरच्या पंखाच्या मध्यावरच्या टाकीतून पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनात उतरत असतं, त्याचा शेवटचा घोट उतरतो. इंजिन खोकतं, पुन्हा घेतं, पुन्हा खोकतं. आणि थांबतं. तुम्हाला तो वाऱ्याचा आवाज ओळखीचा वाटेल. सांगातच्या समुद्रावर ऐकला होता तोच, तारांतून येणारा. फक्त आता खाली काहीच दिसत नाही.

नाही, दिसतं. दिवे दिसतात. हजारो दिवे, उबदार, पिवळे, ओळीने लावलेले. रात्री हरवलेला कुठलाही माणूस दिव्याकडे जातो. तुमचे हात विमानाला तिकडेच वळवू पाहतात. पण दिवा म्हणजे घर, दिवा म्हणजे रस्ता, तिथे झोपलेली माणसं, गच्च्या, धुराडी. इंजिन बंद असलेल्या विमानाला दिव्यांत जागा नसते. जीन बॅटन अंधार निवडते. शहराच्या कडेला जिथे एकही दिवा नाही असा काळा तुकडा ती शोधते आणि त्या काळोखात नाक खाली करून शिरते.

मी या गोष्टीपाशी कितीदा येऊन थांबलो आहे सांगता येत नाही. मार्सेयला चुकलेली हीच बाई, वयाच्या पंचविशीच्या आत, दमलेली, भिजलेली, आणि तरीही तिचा हात उजेडाकडे वळला नाही.

तो काळा तुकडा म्हणजे सान पाओलोच्या वायरलेस केंद्राजवळचं लहानसं शेत निघालं. आजूबाजूला उंच मनोरे, त्यांना ताणलेल्या तारा. दिवसाढवळ्या इंजिन चालू असतानाही कुणी तिथे उतरायला धजला नसता. ती त्या मनोऱ्यांमधून खाली आली. खालचे पंख मोडले, तिचा ओठ फाटला. बस, एवढंच. खालचे पंख दुसऱ्या एका मॉथचे उसने मिळाले. ती इंग्लंडला परत गेली, ८ मे १९३४ला तिसऱ्यांदा निघाली आणि १४ दिवस २२ तास ३० मिनिटांत ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला पोचली. हाच प्रवास आधी एकटीने केलेल्या एमी जॉन्सनला १९३०मध्ये साडेएकोणीस दिवस लागले होते.

आता या आपल्या काळात. दोघांच्या मागे बसून बघून झालं. या वेळी विमानाचं सुकाणू, म्हणजे योक, तुमच्या हातात आहे.

नोव्हेंबरची सकाळ, बारामतीच्या आसपासचं आकाश. सेस्ना १५२, दोन जणांचं, खांद्याला खांदा लागेल एवढंच रुंद. उंचीमापक ४००० फूट दाखवतंय, पण त्यावर भुलू नका. इथली जमीनच समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फूट वर आहे. गाठीला खरे फूट दोन हजारांच्या जवळपास. खाली नीरेचा डावा कालवा उन्हात चमकतोय. उसाचे हिरवे चौकोन, मध्ये मध्ये काळं रान. शेजारी बसलेले, तुम्हाला शिकवणारे सर काहीतरी घरगुती विषय काढतात, तुम्ही उत्तर द्यायला तोंड उघडता, आणि त्यांचा हात इंजिनाची ताकद ठरवणारा थ्रॉटल मागे ओढतो.

"तुझं इंजिन गेलं," सर म्हणतात आणि हात मांडीवर ठेवून बाहेर बघत बसतात.

नाक खाली. आधी नाक खाली, मग बाकीचं जग. काटा ६० नॉटवर आणा आणि ट्रिमचं चाक फिरवून तिथेच बसवा, म्हणजे हाताशी झगडावं लागणार नाही. या वेगाला हे विमान सर्वांत लांब तरंगतं. हजार फुटांत साधारण अडीच-तीन किलोमीटर. वेळ म्हणाल तर तीन मिनिटं. लॅथमपेक्षा तुम्ही श्रीमंत आहात.

आता रान. वारा कुठून आहे? पलीकडे एका गुऱ्हाळाचा धूर तिरका चाललाय, पश्चिमेकडे. म्हणजे पूर्वेला तोंड करून उतरायचं, वारा समोरून घ्यायचा, तेवढी चाकं जमिनीला हळू लागतील. ऊस नको. वरून हिरव्या गादीसारखा दिसतो, प्रत्यक्षात माणसाच्या दुप्पट उंच असतो. ते चकाकणारं काळं रानही नको, नुकतं पाणी सोडलंय त्यात. पुढचं चाक रुतलं की विमान डोक्यावर जाईल. नांगरलेलं कोरडं असेल तर चालेल, पण सरीच्या दिशेने, सऱ्या आडव्या कापत कधीच नाही. आणि तारा. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहे असं धरून चालायचं.

ते बघा, बाजरी काढून मोकळं झालेलं. लांबट, पूर्व-पश्चिम, बांध शेवटी आहे. तेच. आणि एकदा तेच म्हटलं की तेच. खाली आल्यावर शेजारचं रान जास्त सपाट वाटू लागतं, सगळ्यांनाच वाटतं, आणि शेवटच्या पाचशे फुटांत मन बदलणारे वळणात वेग गमावतात. उड्डाण घेता घेता इंजिन गेलं तरी हाच न्याय लागू. धावपट्टी पाठीमागे तीनशे फूट खाली दिसत असते, जीव तिकडे ओढतो, पण वळण उंची खातं आणि पंखाचा मरणवेगही वाढवतं. समोर जे काही असेल तिथेच जायचं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे.

रान ठरलं, आता इंजिनाकडे. लॅथमने जे हाताने चाचपडून केलं तेच इथे बटणांनी करायचं. पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना. मिक्श्चर पूर्ण आत. मॅग्नेटो दोन्ही. आणि कार्ब हीट ओढा. आपल्याकडे याच्याकडे दुर्लक्ष होतं, कारण इथे कुठला बर्फ, असं वाटतं. कार्बोरेटरच्या नळीत पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद गळ्यातून जाताना तिथलं तापमान तीसेक अंशांपर्यंत खाली जाऊ शकतं. म्हणजे पावसाळ्यानंतरच्या दमट सकाळी, बाहेर २५ अंश असताना, घाम आलेला असतानाही, त्या गळ्यात बर्फ धरू शकतो आणि इंजिन हळूहळू गुदमरतं. गरम हवा सोडली की ते वितळतं. त्या पाण्याने इंजिन आणखीच खोकतं, आणि नवशिका घाबरून दांडा परत आत ढकलतो. ढकलू नका. थांबा, पिऊ द्या त्याला ते पाणी.

खरंच इंजिन गेलं असतं तर आता रेडिओवर मेडे तीनदा, जागा, उंची, माणसं किती. मग पेट्रोल बंद, ठिणगी बंद, दाराची कडी उघडी, म्हणजे आदळल्यावर चौकट वाकली तरी दार अडकणार नाही. हे सगळं तुम्ही मोठ्याने म्हणता आहात. सर ऐकतायत की नाही कळत नाही. पण एकदा तुम्ही योक नकळत अर्धा इंच मागे घेतला, काटा ५५वर आला, आणि त्यांचं एक बोट योकवर येऊन नाक पुन्हा खाली गेलं. बोलले काही नाहीत.

हजार फूट. बाजरीचे खुंट आता वेगवेगळे दिसतात. एक बाई डोक्यावर भारा घेऊन बांधावर थांबली आहे, वर बघतेय. आठशे. थोडं उंच वाटतं, म्हणून फ्लॅप्स एक टप्पा. सहाशे. रान समोर सरळ रेषेत आहे, धूर नाकासमोरून येतोय, वेग साठ.

पाचशे फुटांवर सर थ्रॉटल पुढे करतात. इंजिन भरून गर्जतं, विमान वर उठू लागतं, वाऱ्याची शीळ पुन्हा त्या आवाजाखाली बुडते.

"मिळालं असतं का रान?" सर विचारतात.

तुम्ही हो म्हणायला मान हलवता आणि एकदा खाली बघता. बाजरीच्या रानाच्या अलीकडच्या टोकाला, अगदी जिथे चाकं टेकली असती तिथे, बोरीच्या सावलीत एक विहीर आहे. कठडा नसलेली. आतलं पाणी क्षणभर उन्हात लकाकतं आणि पंखाखाली जातं.